धक्क्याचं फाटक भरतीच्या वेळेनं उघडा

खाजणकाठच्या सार्वजनिक कयाक-धक्क्याचा कारभार पाहणाऱ्या विभागास खुलं पत्र

प्रति,
माननीय विभागप्रमुख आणि संबंधित अधिकारी,

स. न. वि. वि.

खाजणाच्या, म्हणजे भरतीचं खारं पाणी चढतं त्या गवताळ दलदलीच्या, कडेला असलेल्या सार्वजनिक कयाक-धक्क्याच्या फाटकावर आपण नवी सूचना लावली आहे. धक्का रोज सकाळी ९ ते संध्याकाळी ५ एवढाच वेळ खुला राहील, ५ नंतर फाटकाला कुलूप लागेल आणि आत राहिलेली गाडी दुसऱ्या दिवशीच बाहेर काढता येईल, असं तीत म्हटलं आहे. सूचनेत दंड आहे, कलम आहे, सही-शिक्का आहे. भरती-ओहोटी हा शब्द मात्र कुठेही नाही. याबद्दल मी आपल्या कार्यालयात लेखी अर्ज दिला होता. "वेळा निश्चित करण्यात आल्या आहेत" एवढंच उत्तर आलं. म्हणून आता हे सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

आपल्यापैकी जे या जागी कधी आले नसतील त्यांच्यासाठी आधी जागा सांगते. हे बंदर नाही. गाड्या लावायला खडीचा छोटा तुकडा, तिथून पाण्याकडे उतरणारा लाकडी फळ्यांचा पूल, त्याच्या टोकाला तरंगता चौथरा. चौथऱ्याला एक खाच आहे आणि खाचेत रूळ बसवलेले आहेत. त्यांवर कयाक ठेवली, बसलं आणि जरा पुढे रेटलं की ती पाण्यात उतरते. समोर खाडीचा अरुंद फाटा, दोन्ही अंगांना नजर पोचेल तिथवर खारगवत. भरतीच्या अलीकडे दोन तास आणि पलीकडे दोन तास या फाट्यात वल्हवण्याजोगं पाणी असतं. एरवी चिखल. त्यात पाय टाकला तर गुडघ्यापर्यंत जातो, आणि काढायला गेलं तर बूट आत राहतो.

म्हणजे या धक्क्याचे खरे उघडे तास आपण ठरवलेले नाहीत, ते चंद्रानं ठरवलेले आहेत. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून भरती रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा येते. आणखी एक गोष्ट किनाऱ्यावर वावरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते आणि कार्यालयात सहसा लक्षात येत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची उधाणाची भरती एका ठिकाणी दरवेळी घड्याळाच्या जवळजवळ त्याच सुमाराला येते. आपल्या धक्क्यावर ती येते सकाळी सातच्या आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला.

आता हिशेब करा. उधाणाच्या दिवसांत सकाळचं पाणी ५ ते ९, संध्याकाळचं साधारण साडेपाच ते साडेनऊ. आपलं फाटक ९ ते ५. पाणी उतरतं तेव्हा आपण कुलूप काढता, आणि पाणी चढायला लागतं तेव्हा कुलूप लावता. मधल्या आठ तासांत, दुपारी एकच्या सुमाराला, ओहोटी पुरती तळाला गेलेली असते आणि खुल्या फाटकातून दिसतो तो निव्वळ चिखल. पुढे भरती सरकत सरकत दुपारवर येते, तेव्हा कुठे पाणी आणि फाटक यांची गाठ पडते. पाण्याचे चारही तास फाटकाच्या वेळेत बसतील असे दिवस पंधरवड्यात जेमतेम चार-पाच निघतात, आणि तेही भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे. भांगाच्या भरतीला पाणी कमी चढतं, आतले बारीक फाटे कोरडेच राहतात. खाजण सर्वांत भरलेलं असतं ते नेमके दिवस आपण लोकांना बंद केले आहेत.

या सूचनेवर मी गप्प का बसू शकत नाही, ते सांगते.

माझ्या मोठ्या भावाच्या कमरेखालची ताकद एका अपघातात गेली. दादा चाकाच्या खुर्चीत असतो. त्याला घेऊन मी बऱ्याच जागा पालथ्या घातल्या. बहुतेक ठिकाणी त्याला उचलून होडीत बसवावं लागतं, आणि उचलून घेणं त्याला आवडत नाही. कुणाला आवडेल? या धक्क्यावर उचलावं लागत नाही. तो खुर्ची पुलावरून स्वतः खाली नेतो, चौथऱ्यावरच्या बाकाशी लावतो, चाकं अडकवतो. मग डोक्यावरच्या आडव्या दांडीला दोन्ही हातांनी धरून आधी बाकावर सरकतो, बाकावरून एक पायरी खाली आणि तिथून कयाकच्या सीटवर. शेवटी पाय एकेक करून हातानं आत घेतो. मी फक्त वल्हं हातात देते. त्यानंतरचे दोन तास त्याच्यात आणि माझ्यात काही फरक नसतो, उलट त्याचे खांदे माझ्यापेक्षा बळकट असल्यामुळे मीच मागे पडते. हा चौथरा आपल्याच विभागानं बांधला आहे. तो बांधणाऱ्याला मी प्रत्येक वेळी मनातून धन्यवाद देत आले आहे आणि आजही देते.

पण हा चौथरा तरंगता आहे, पाण्याबरोबर वर-खाली होतो. पूल सुमारे ८ मीटर लांब आहे. ऐन भरतीला तो जवळजवळ सपाट असतो. उधाणाच्या दिवशी पाणी इथे सुमारे २ मीटर उतरतं. किनाऱ्यावर बाराव्या हिस्स्याचा एक जुना ठोकताळा वापरतात: सहा तासांच्या ओहोटीत पहिल्या तासाला एकूण उताराचा एक बारावा भाग पाणी उतरतं, दुसऱ्या तासाला दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासाला तीन-तीन, पुढे पुन्हा दोन आणि एक. त्यानुसार भरतीनंतर दोन तासांनी चौथरा अर्धा मीटर खाली गेलेला असतो आणि पुलाचा उतार १ ला १६ होतो. खुर्ची सहज जाते. आणखी एका तासानं चौथरा एक मीटर खाली, उतार १ ला ८. पूर्ण ओहोटीला १ ला ४. चाकाच्या खुर्चीसाठी साधारणपणे १ ला १२ पेक्षा तीव्र उतार चालत नाही असं धरतात, आणि १ ला ४ वरून खुर्ची सोडली तर ती सरळ खाली चिखलात जाईल.

म्हणून भरतीची वेळ दादासाठी सोयीचा प्रश्न नाही. धक्का त्याच्यासाठी आहे की नाही, हेच त्या वेळेवर ठरतं. आपण ठेवलेल्या चार-पाच दिवसांतले फक्त शनिवार-रविवार मोजा, कारण बाकीचे दिवस तो नोकरीवर असतो. काही पंधरवड्यांत एकही दिवस हाती लागत नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातलं ३० वं कलम करमणूक, विरंगुळा आणि खेळ यांत बरोबरीनं भाग घेण्याबद्दल आहे. आपण लाकूड, रूळ, दांडी यांवर खर्च करून ते कलम या खाडीत प्रत्यक्ष उतरवलं होतं. एका कुलपानं ते परत घेऊ नका.

आपल्या निर्णयामागे सुरक्षिततेचं कारण दिलं आहे. ते मी हलकं मानत नाही. गेल्या हंगामात अंधारात दोघं जण चिखलात अडकले होते, त्यांना काढायला बराच वेळ लागला, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. पण ते का अडकले, याचा विचार सूचनेत दिसत नाही. चिखलात माणूस अडकतो तो ओहोटी लागल्यावर परत यायला उशीर केल्यामुळे. अंधारानं सुटका अवघड होते, हे खरं, पण अडकवते ओहोटी. आणि नव्या वेळा लोकांना नेमक्या ओहोटीतच पाण्यात उतरवतात. नवखा माणूस सकाळी ९ ला फाटक उघडल्या उघडल्या आत शिरतो. समोर थोडं पाणी दिसतं, तो उतरतो. पाणी त्याला सुखानं आत नेत नाही, समुद्राकडे ओढतं, आणि पुढच्या दोन तासांत एकूण उताराचं अर्धं पाणी निघून जातं. वारा उलट असला तर फाट्याच्या तोंडाशी लाटा उभ्या राहतात. परतताना धक्क्यासमोर चिखल. असा माणूस कयाक ओढत चालायला लागतो, आणि तिथून पुढे काय होतं ते आपल्या बचाव पथकाला विचारा.

संध्याकाळचीही हीच गत. गाडी रात्रभर अडकेल या धास्तीनं लोक पाणी नसताना पाचच्या आत धक्का गाठायची धडपड करतात. अर्धा तास थांबले असते तर चढत्या पाण्यानं त्यांना अलगद चौथऱ्यापाशी आणून सोडलं असतं.

अंधाराचा वेगळा विचार करायचा तर त्यासाठी नियम आहेत. समुद्रात टक्कर टाळण्यासाठीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत वल्ह्यांनी चालणाऱ्या होडीलाही सोडलेलं नाही: तिच्यावर दिवे नसतील तर निदान विजेरी किंवा पेटता कंदील हाताशी असावा आणि वेळेत दाखवावा, असं २५ व्या नियमात आहे. आपण विजेरी आणि लाइफ जॅकेट सक्तीचं करा. तपासा, नसेल त्याला परत पाठवा. आमच्यापैकी कुणीही कुरकुर करणार नाही.

आता दुसरी तक्रार, आणि ती खाजणाच्या वतीनं.

फाटक बंद असलं तरी लोक यायचे थांबलेले नाहीत. ते गाडी रस्त्याच्या कडेला लावतात आणि कयाक गवतातून ओढत नेतात. वळणाच्या अलीकडे अशी एक वाट पडली आहे, आपण एकदा वाकून ती बघावी. कडेच्या धडक्या गवताच्या पात्यावर बोट फिरवलं तर मिठाचे बारीक कण लागतात, कारण हे गवत खारं पाणी पितं आणि जास्तीचं मीठ पात्यांवाटे बाहेर टाकतं. दांड्यांवर गोगलगायी चढलेल्या असतात. भरतीबरोबर वर, ओहोटीबरोबर खाली, असा त्यांचा नेम. वाटेवर मात्र दांडे घोट्याइतक्या उंचीवर मोडून पडलेले आहेत. त्यांची मुळं प्राणवायू नसलेल्या चिखलात जगतात ती पोकळ दांड्यांतून खाली येणाऱ्या हवेवर. दांडा मोडला आणि वर पाणी चढलं की खालचं मूळ गुदमरतं. पावलांच्या खळग्यांत काळं पाणी साचलं आहे, त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. फिडलर खेकड्यांची बिळं कडेला दाट आहेत, वाटेत एकही नाही.

ही जमीन पुन्हा घडवायला लागणारा काळ माणसाच्या मापाचा नाही. समुद्रशास्त्रज्ञ अल्फ्रेड रेडफिल्ड यांनी अमेरिकेतल्या बार्नस्टेबलच्या खाजणाचा जो अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध केला, त्यात ते खाजण सुमारे ४,००० वर्षांत थरावर थर चढत कसं तयार झालं ते दाखवलं आहे. खाजण वर्षाला काही मिलिमीटर वाढतं, आणि वाढत्या समुद्राशी त्याला तेवढ्यावरच बरोबरी करायची असते. जो भाग पायांखाली दबून बसला तो भरतीच्या पाण्याखाली जास्त वेळ राहतो, तिथे गवत पुन्हा धरत नाही, आणि वाटेचा हळूहळू नाला होतो. आपण हा लाकडी पूल बांधलात तो लोकांचे पाय गवतावर पडू नयेत म्हणूनच ना? मग पूल बंद करून लोकांना गवतात का लोटता?

पक्ष्यांच्या विणीचं कारण आपण सूचनेत दिलेलं नाही, पण एका बैठकीत ते निघाल्याचं ऐकलं, म्हणून त्याबद्दलही लिहिते. त्यासाठी बंदी घातली तर मी स्वतः ती पाळीन आणि इतरांना पाळायला लावीन. मात्र तीसुद्धा भरती बघूनच घालावी लागेल. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरची सॉल्टमार्श स्पॅरो ही चिमणी गवतात, जमिनीपासून जेमतेम काही बोटांवर घरटं करते. महिन्यातल्या सर्वांत मोठ्या उधाणात घरटी बुडतात. त्या उधाणानंतर लगेच ज्या माद्या नव्यानं घरटं धरतात, त्यांचीच पिल्लं पुढच्या मोठ्या उधाणाआधी वर चढण्याइतकी मोठी होतात. फिडलर खेकड्याची मादीही आपली अंडी फुटण्याची वेळ रात्रीच्या मोठ्या ओहोटीशी जुळवते, म्हणजे पिल्लं झपाट्यानं बाहेरच्या पाण्यात जातात. खाजणात नांदणाऱ्या जिवांचं वेळापत्रक असं असतं. त्यांना जपायचं असेल तर विणीच्या महिन्यांत आतले कोणते फाटे बंद आणि कोणत्या दिवसांत बंद, हे जाणकारांकडून ठरवून घ्या आणि फाट्यांच्या तोंडाशी पाट्या लावा. ९ ते ५ च्या कुलपानं एकाही घरट्याचं रक्षण होत नाही.

तिसरी गोष्ट भरतीच्या फलकाची. फाटकाशेजारी एक साधा फळा होता, त्यावर त्या आठवड्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा खडूनं लिहिलेल्या असायच्या. तो काढून त्या जागी "प्रवेश स्वतःच्या जबाबदारीवर" ही पाटी लावली गेली. जबाबदारी घ्यायला आम्ही तयार आहोत, पण जबाबदारी घ्यायला माहिती लागते. बाहेरगावाहून आलेल्या कुटुंबाला मुख्य बंदराची भरतीची वेळ फोनवर सापडते. इथे आत, फाट्यात, पाणी त्याहून किती उशिरा चढतं हे त्यांना कोण सांगणार? तो फळा सांगत होता.

शिवाय बाकाजवळची आडवी दांडी एका बाजूनं ढिली झाली आहे. नळ बंद आहे, त्यामुळे कयाक आणि बूट धुता येत नाहीत, आणि एका पाण्यातली बी-बियाणं दुसऱ्या पाण्यात जातात. मासेमारीची तुटलेली दोरी टाकायला डबा नाही. ही किरकोळ कामं आहेत. दांडी मात्र किरकोळ नाही, तिच्यावर माणसाचं सगळं वजन येतं. ती आधी घट्ट करा.

मनुष्यबळ नाही, ही आपली अडचण मला पटते. पहाटे पाचला फाटक उघडायला माणूस कुठून आणायचा? पण माणूसच हवा असं नाही, वेळ लावून उघडणारी कुलपं मिळतात. आणि रोज बदलणाऱ्या वेळा जाहीर कशा करायच्या, हे तर उत्तर असूच शकत नाही. लॉर्ड केल्विन, म्हणजे तेव्हाचे विल्यम थॉमसन, यांनी भरतीचं भाकीत करणारं यंत्र १८७२ साली आखलं, तेव्हापासून बंदरांच्या वर्षभराच्या भरतीच्या वेळा यंत्रानं आधीच काढून छापता येतात. फाटकाचं वर्षभराचं वेळापत्रक त्यांवरून एका दुपारी तयार होईल. हवं असेल तर मी ते तयार करून देईन, आपल्या माणसानं तपासून घ्यावं.

रात्री उशिरा गाड्या लावून तिथे गोंधळ होतो, बाटल्या फुटतात, हेही खरं आहे. सकाळी त्या काचा आम्हीच वेचतो, कारण चाकाच्या खुर्चीचं टायर काचेवर फुटतं. त्यावर उपाय करा, आम्ही सोबत आहोत. रात्री गाड्यांसाठी फाटक बंद ठेवायलाही माझी हरकत नाही. फक्त त्या गोंधळाची शिक्षा पहाटे वल्हं घेऊन येणाऱ्या माणसाला देऊ नका.

आमच्या मागण्या अशा:

९ ते ५ ची सूचना मागे घ्यावी. धक्का सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत रोज खुला असावा. ज्या दिवशी भरतीच्या अलीकडचे किंवा पलीकडचे दोन तास या मर्यादेच्या जरा बाहेर जातात, त्या दिवशी फाटकाची वेळ तेवढी वाढवावी.

मोठं फाटक बंद असताना बाजूनं कयाक आणि चाकाची खुर्ची जाईल एवढं रुंद छोटं दार असावं. आत राहिलेली गाडी बाहेर काढता यावी म्हणून फाटक आतून उघडण्याची सोय असावी.

भरतीचा फळा पुन्हा लावावा, आणि मुख्य बंदराच्या वेळेपेक्षा इथे पाणी किती उशिरा चढतं ते त्यावर कायमचं रंगवावं. "भरतीनंतर दोन तासांच्या आत परत या" हे मोठ्या अक्षरांत लिहावं.

रस्त्याकडेची ती नवी वाट दोर लावून बंद करावी आणि तिथलं गवत पुन्हा धरतं का, हे बघण्यासाठी कुणाला तरी नेमावं. विणीच्या काळातली बंदी फाट्यांवर घालावी, धक्क्यावर नको.

बाकाजवळची दांडी आठवड्याच्या आत दुरुस्त करावी.

आणि यापुढे वेळा बदलण्याआधी धक्का वापरणाऱ्यांना बोलावून घ्यावं, त्यात चाकाच्या खुर्चीतून येणारं कुणीतरी असावं. बैठक धक्क्यावरच, उधाणाच्या दिवशी दुपारी एक वाजता ठेवली तर उत्तम. फाटक तेव्हा आपल्या नियमाप्रमाणे उघडंच असेल. पूल किती उतरता आहे आणि पाणी कुठे आहे, हे सगळ्यांना एकदमच दिसेल.

येत्या अमावास्येच्या उधाणाआधी निदान पहिल्या आणि तिसऱ्या मागणीवर निर्णय व्हावा, ही विनंती. उत्तर लेखी द्यावं आणि फाटकावर लावावं, म्हणजे ते सगळ्यांना वाचता येईल.

आपली विश्वासू,
धक्क्यावर नेमानं येणारी एक नागरिक